यामाहा पीएसआर-ई३७३: कडव्याला कॉर्ड बसवायला कितपत कामाचा?

गणपतीला महिना उरला की रत्नागिरीपासून मालवणापर्यंत गावोगावच्या मंडळांत एकच अडचण. चाल तयार असते, धृपद झीलकऱ्यांना, म्हणजे मागून साथीला गाणाऱ्यांना, पाठ असतं, ढोलकीचा ठेका ठरलेला असतो, पण कडव्याला काय वाजवायचं ते ठरत नाही. मग धृपदाचेच चार कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) कडव्यालाही फिरवले जातात. ढोलकीवाला कडव्यात तेवढा हात आखडता घेतो आणि गाणं पाच मिनिटं एकाच जागी उभं राहतं. जाखडी नाचाचं गाणं असो, नारळी पौर्णिमेचं कोळी ठेक्यातलं गाणं असो की डबलबारीतला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातला, गजर, दुखणं तेच.

हे परीक्षण त्या एका कामापुरतं आहे. की-बोर्डात पियानोचा आवाज कसा, व्हायोलिन खरं वाटतं का, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे प्रश्न एवढाच: धृपद हातात असताना त्याला शोभेल असं कडवं उभं करायला हे यंत्र किती मदत करतं, आणि कुठे आडवं येतं?

यामाहाचा पीएसआर-ई३७३ हा २०२० साली आला. ६१ पट्ट्या, दाब ओळखणाऱ्या. ६२२ आवाज, २०५ स्टाइल (तयार साथीचे साचे), एका वेळी ४८ स्वर. कोकणात अजून कुठल्याही की-बोर्डला ‘कॅसिओ’च म्हणतात, त्यामुळे मंडळात ‘कॅसिओ आणलाय’ असं ऐकलं तरी कापडी पिशवीतून बऱ्याचदा यामाहाच निघतो. या कामासाठी ६२२ आवाजांपैकी दोन पुरेत, एक पियानो आणि एक पेटी किंवा स्ट्रिंग. खरा उपयोग डाव्या हाताच्या बाजूला आहे.

एसीएमपी, म्हणजे स्वयंचलित साथीचं, बटण चालू केलं की खालचं साधारण दीड सप्तक, म्हणजे पहिल्या सी (पेटीची पांढरी एक) पासून दुसऱ्या सप्तकातल्या काळी तीनपर्यंतचा भाग, कॉर्डसाठी राखीव होतो. तिथे दाबलेला कॉर्ड यंत्र ओळखतं आणि त्यावर बेस, गिटार, ताल असं सगळं स्वतः वाजवतं. पेटीवाल्यांसाठी ही गोष्ट वरवर दिसते त्याहून मोठी आहे. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर गेलेला असतो. त्या हाताला तीन पट्ट्या एकदम दाबायची सवयच नसते. इथे मल्टी फिंगर पद्धत कामी येते. मेजर, म्हणजे उजळ वाटणाऱ्या कॉर्डला नुसता मूळ स्वर. मायनरला, म्हणजे हळव्या कॉर्डला, मूळ स्वर आणि त्याच्या डावीकडची सर्वांत जवळची काळी. सेव्हनला मूळ स्वर आणि डावीकडची जवळची पांढरी. पेटीच्या भाषेत सांगायचं तर ए मायनर म्हणजे पांढरी सहा आणि काळी चार, डी मायनर म्हणजे पांढरी दोन आणि काळी एक, ई मायनर म्हणजे पांढरी तीन आणि काळी दोन. जी सेव्हन म्हणजे पांढरी पाच आणि पांढरी चार. अर्ध्या तासात हात बसतो.

यात एक खोच आहे आणि ती नव्या हाताला हमखास लागते. दोन बोटं एकदम पडली नाहीत, मूळ स्वर आधी आणि काळी पट्टी नंतर पडली, तर मधल्या क्षणाला यंत्र मेजर कॉर्ड धरतं. ए मायनरच्या आधी ए मेजर चमकून जातो, त्यातला काळी एकचा स्वर गाणाऱ्याच्या सा ला बोचतो, आणि सगळे गाणाऱ्याकडे बघतात. काळी पट्टी केसभर आधी पडली तर तोच प्रकार दुसऱ्या बाजूनं होतो. उपाय म्हणजे बोटं हवेतच आकारात आणून एकदम टाकणं, किंवा सरळ तिन्ही स्वरांचा पुरा कॉर्ड शिकून घेणं. मल्टी फिंगरमध्ये पुरा कॉर्डही चालतो, वेगळं काही लावावं लागत नाही.

आता मूळ मुद्दा. या की-बोर्डात प्रत्येक स्टाइलचे दोन मुख्य भाग आहेत, मेन ए आणि मेन बी. मेन ऑटो फिलचं बटण दाबलं की मध्ये एक भरणा वाजतो आणि दुसरा भाग सुरू होतो. ए साधा, बी भरगच्च. साहजिकच कडव्याला ए आणि धृपदाला बी असा रिवाज पडला आहे. तो चुकीचा नाही. पण वादक इथेच फसतो. बी लागला की झांजा वाढतात, गिटार दाट होते, धृपद आलं असं वाटतं, आणि खाली कॉर्ड मात्र तेच चार. दुसऱ्या कडव्यापर्यंत कानाला ही युक्ती कळते. तिसऱ्या कडव्याला लोक मोबाइल काढतात. म्हणून या यंत्रावर काम करताना पहिला नियम: कॉर्ड ठरेपर्यंत बी लावायचाच नाही. सगळं गाणं ए वर, एकाच आवाजात वाजवा. तरीही धृपद आल्याचं कळलं, तर कॉर्ड बरोबर आहेत.

उदाहरण घेऊ. चाचणीसाठी सहा मात्रांच्या ठेक्यातली एक साधी चाल, सा म्हणजे पांढरी एक. धृपदाचे चार आवर्तन असे: ‘ग प प ध प ग’, ‘रे ग रे प – –’, ‘सा रे सा ध – –’ (हा ध खालचा), ‘म ग रे सा – –’. यावर कोणीही बसवील असे कॉर्ड:

सी | जी | ए मायनर | जी सेव्हन, सी

शेवटच्या आवर्तनात तीन-तीन मात्रांना कॉर्ड बदलतो आणि सा वर गाणं घरी येतं. धृपद म्हणून हे चोख आहे. सुरुवातही सी, शेवटही सी. झीलकऱ्यांना उचलायला सोपं.

कडव्याची चाल: ‘ध ध सां ध प –’, ‘ग ग प ग रे –’, ‘म म ध म ग –’, ‘रे ग म प – –’. इथे यंत्रावर बसून एकेका आवर्तनाला दोन-तीन कॉर्ड लावून बघता येतात, आणि त्यासाठी हा की-बोर्ड खरोखर छान आहे. पहिल्या आवर्तनात जोराच्या मात्रांवर, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, ध आहे. ध ज्यात आहे असे जवळचे कॉर्ड एफ, ए मायनर आणि डी मायनर. एफ लावला तर कडवं मोकळं, उजेडाचं वाटतं. ए मायनर लावला तर त्याच ओळीला हुरहूर येते. शब्द दर्यावर गेलेल्या माणसाची वाट बघण्याचे असतील तर ए मायनर, शिमग्याच्या पालखीचे असतील तर एफ. दुसऱ्या आवर्तनात ग आहे. सगळ्यांचा हात आपसूक सी कडे जातो, आणि तो आवरायचा. ई मायनरमध्येही ग आहे, प आहे. तिसऱ्यात म, म्हणजे एफ किंवा डी मायनर. चौथं आवर्तन प वर थांबतं, तिथे जी.

ए मायनर | ई मायनर | डी मायनर | जी

सी एकदाही आला नाही. धृपदाचं जे घर आहे ते कडव्यानं उघडलंच नाही, नुसतं दारापर्यंत आणून सोडलं. शेवटचा जी सी ची ओढ लावतो, आणि धृपदाचा पहिला सी वाजला की मेन बी न लावताही कोणीतरी पडदा सरकवल्यासारखं वाटतं. कॉर्डची संख्या वाढवून हा परिणाम मिळत नाही, एक कॉर्ड राखून ठेवल्यानं मिळतो.

शेवटच्या ओळीला, वादक जिला क्रॉस लाइन म्हणतात तिला, जी आणखी ताणता येतो. एका आवर्तनाऐवजी दोन आवर्तनं. पहिल्यात जी सस फोर, म्हणजे पांढरी पाच, वरची पांढरी एक आणि पांढरी दोन अशी तीन बोटं, दुसऱ्यात साधा जी. सस फोरमधला सा खाली नी वर उतरतो आणि पुढच्या सी मध्ये पुन्हा वर चढतो. यंत्र सस फोर नीट ओळखतं. दोनपेक्षा जास्त आवर्तनं मात्र ताणू नका, नाचणाऱ्यांची पावलं चुकतात.

खरी कसोटी पुढे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पारंपरिक चालींत कडवं आणि धृपद यांची चाल एकच असते, शब्द फक्त बदलतात. आरत्या बघा, जाखडीतली कितीतरी गाणी बघा. तिथे चालीतून फरक मिळतच नाही, सगळा भार कॉर्डवर येतो. वरचीच धृपदाची चाल, जशीच्या तशी, कडव्याला घ्या आणि खाली हे लावा:

ए मायनर | ई मायनर | एफ | डी मायनर, जी सस फोर – जी

‘ग प प ध प ग’ मधले जोराचे ग आणि ध दोन्ही ए मायनरमध्ये आहेत. दुसऱ्या आवर्तनातला रे ई मायनरवर थोडा रेंगाळतो, पण प वर येऊन बसतो. ‘सा रे सा ध’ एफ मध्ये अलगद मावतं. आणि शेवटी गंमत: गाणारा ‘म ग रे सा’ म्हणत सा वर पोचतो, पण खाली जी सस फोर आहे. तो सा आता घरचा सा राहिला नाही, जी वर टांगलेला स्वर झाला. गाणाऱ्यानं श्वास घेतला की सस फोर सोडून जी. चाल तीच, स्वर तेच, तरी कडवं संपलं असं वाटत नाही. पुढे तीच चाल सी वरून सुरू झाली की धृपद. झीलकऱ्यांना नवं काही शिकवावं लागत नाही, हा तर मोठाच फायदा. मंडळाच्या तालमीला पंधरा जण येणार, त्यातले आठ जण उशिरा येणार, तिथे नवी चाल बसवत कोण बसतो?

उसना, म्हणजे चालीच्या स्वरांबाहेरचा, कॉर्ड घ्यायचा मोह अनेकांना होतो, विशेषतः एफ मायनर. मल्टी फिंगरमध्ये तो पांढरी चार आणि काळी दोन असा येतो, दाबायला सोपा, ऐकायला फिल्मी. पण आपल्या कडव्याच्या तिसऱ्या आवर्तनात ‘म म ध’ आहे. एफ मायनरमध्ये कोमल ध असतो. गाणारा शुद्ध ध म्हणतोय, की-बोर्ड कोमल ध वाजवतोय, आणि दोष गाणाऱ्याच्या सुराला दिला जातो. जिथे चालीत नुसता म किंवा सा लांबवलेला आहे तिथेच हा कॉर्ड ठेवा. ताडून बघायची रीत सोपी: उजव्या हातानं चाल वाजवा, डाव्या हाताचा कॉर्ड धरा, जोराच्या मात्रेवरचा स्वर कॉर्डमध्ये आहे का ते बघा. हलक्या मात्रेवर परका स्वर चालतो, जोराच्या मात्रेवर अर्ध्या सुराची टक्कर चालत नाही.

की-बोर्डात स्मार्ट कॉर्ड नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्याबद्दल दुकानदार फार भरभरून बोलतात. गाण्याची पट्टी, म्हणजे स्केल, आधी सांगायची, त्यात किती शार्प (चढे स्वर) किंवा किती फ्लॅट (उतरे स्वर) त्या हिशेबानं, आणि मग एकेका बोटानं त्या पट्टीत बसणारे कॉर्ड मिळतात. मेजर की मायनर हे यंत्र ठरवतं. स्टँडर्ड, पॉप, जॅझ असे काही प्रकारही निवडता येतात. स्टँडर्डवर ठेवा, जॅझच्या वाटेला जाऊ नका, आरतीला तो नाटकीपणा परवडत नाही. नवशिक्याला ही सोय उपयोगी आहे यात वाद नाही. पण तिला फक्त पट्टी कळते, तुमची चाल ऐकू येत नाही. कडव्यात सी टाळायचा आहे हे तिला कोण सांगणार? निवड तुमचीच.

तरी रागदारीच्या चालींसाठी या स्मार्ट कॉर्डचा एक फार चांगला उपयोग आहे, आणि तो मार्गदर्शिकेत सापडणार नाही. सा पांढरी एकवरच ठेवा, पण पट्टी सांगताना खोटं बोला. यमनची चाल असेल तर एक शार्प सांगा. मग सी, डी मेजर, ई मायनर, जी, ए मायनर असे कॉर्ड मिळतात आणि तीव्र म आपोआप येतो, एफ चा शुद्ध म घुसत नाही. खमाज असेल तर एक फ्लॅट, काफी असेल तर दोन, आसावरी थाटातली चाल असेल तर तीन, भैरवी असेल तर चार. बुवांच्या गजरातल्या निम्म्याहून जास्त चाली यात बसतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी थाटातल्या चाली बसत नाहीत, कारण त्या स्वरांची पट्टी शार्प-फ्लॅटच्या हिशेबात कुठेच नाही. तिथे स्मार्ट कॉर्ड बंद करून हातानंच वाजवा, आणि कॉर्ड जितके कमी तितकं बरं.

भैरवीत कडव्याचा शेवट कसा करायचा हा नेहमीचा घोळ. सवयीनं जी मेजर लावला की शुद्ध रे आणि शुद्ध नी दोन्ही आत येतात आणि भैरवीचा रंगच उडतो. भैरवीत घराकडे ओढणारा कॉर्ड पंचमाचा नाही, कोमल रे चा. म्हणजे काळी एकवरचा मेजर, आणि मग सी मायनर. कडवं त्या काळी एकवर थांबवा, धृपद सी मायनरवर उचला. काफीतही तसंच, तिथे काळी पाचवरचा मेजर हे काम करतो.

भूप आणि दुर्गा यांना वेगळी काळजी. भूपात म आणि नी नाहीत. एफ लावला की म आला, जी लावला की नी आला. मग कडवं आणि धृपद वेगळं काढायचं कशानं? सी आणि ए मायनर हे दोन्ही पूर्ण भूपात आहेत. धृपद सी वर, कडवं ए मायनरवर, आणि दुवा म्हणून प आणि रे एवढेच दोन स्वर, मधला नी गाळून. दुर्गाची गंमत उलटी आहे. दुर्गात ग नाही, त्यामुळे साक्षात सा चा मेजर कॉर्डच तिथे परका. पण डी मायनर, एफ आणि जी सस फोर हे तिन्ही निखळ दुर्गातले. धृपदाला सा आणि प एवढेच उघडे ठेवा, कडव्याला डी मायनर आणि एफ. आता या सगळ्यात एक बारीक अडचण: स्वयंचलित साथीला कॉर्डमधला एखादा स्वर गाळलेला हवा हे समजवताना हात जरा अडखळतो, कारण दोन-दोन स्वरांच्या जोड्या मल्टी फिंगरमध्ये भलताच अर्थ घेऊ शकतात. अशा चालीला एसीएमपी बंद करून डाव्या हातानं स्वतः स्वर धरणं आणि तालासाठी खरी ढोलकी, हेच शहाणपणाचं.

ठेक्याबद्दल थोडंसं. यादीत भजन, भांगडा, दांडिया अशा नावांच्या देशी स्टाइल आहेत. त्या नावांवर जाऊ नका, मात्रा मोजा. कोळी ठेक्याला सहाच्या चालीची स्टाइल लागते. आठ मात्रांच्या स्टाइलवर तेच गाणं ओढूनताणून बसवलं तर कॉर्ड समेवर न बदलता मधेच कुठेतरी बदलतो आणि ढोलकीवाला भांडतो, बरोबरच भांडतो. कॉर्ड बदलताना समेच्या किंचित आधी दाबा. उशिरा दाबलात तर बेसचा पहिला ठोका जुन्याच कॉर्डवर पडून जातो. धृपदात दर आवर्तनाला कॉर्ड बदलत असेल तर कडव्यात दोन आवर्तनांना एक, असा संथ बदलही फार गुणकारी आहे. पोवाडी ढंगाच्या, शब्द दाट असलेल्या कडव्याला तर हाच उपाय. खाली कॉर्ड कमी हलले की शब्द ऐकू येतात.

यंत्राची मर्यादा कुठे लागते? बेसमध्ये. स्वयंचलित साथीत बेस नेहमी कॉर्डच्या मूळ स्वरावर जातो. तुम्ही सी उलटा करून, ग खाली ठेवून दाबलात तरी बेस सा च वाजवणार. त्यामुळे कडव्यात बेस सा, नी, ध, प असा पायरी-पायरीनं उतरवायचा असेल, किंवा सगळ्या कडव्याखाली एकच प धरून ठेवायचा असेल, तर या पद्धतीनं ते होत नाही. आणि कडवं धृपदापेक्षा वेगळं करायची ती तर उत्तम रीत. पर्याय दोन: साथ बंद करून दोन्ही हातांनी वाजवणं, नाहीतर बेस गिटारवाला शोधणं. दुसरं म्हणजे याला पिच बेंडचं, म्हणजे सूर ओढून वाकवायचं, चाक नाही. कॉर्ड बसवायला त्याची गरज नाही, पण कार्यक्रमात शहनाई-बासरीची मींड वाजवायची असेल तर याच घराण्यातल्या वरच्या मॉडेलकडे, ई४७३ कडे बघा.

घरी चाल तपासण्यासाठी मागच्या बाजूचं ऑक्स इन भोक सोन्यासारखं आहे. गाणाऱ्याचं नुसतं गाणं, मागे फक्त सा धरून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मोबाइलमधून तारेनं ऑक्स इनला द्या, आवाज आधी निम्मा ठेवा. आता गाणं की-बोर्डच्याच स्पीकरमधून येतं आणि त्याखाली तुम्ही हवे तितके कॉर्ड बदलून बघू शकता. गाणारा दमत नाही, कंटाळत नाही, चहा मागत नाही. यूएसबीच्या तारेनं कम्प्युटरला जोडलं तर आवाजही त्याच तारेतून जातो, वेगळं यंत्र लागत नाही.

पट्टीचं बघा. ट्रान्सपोज, म्हणजे सगळी पट्टी सरकवायची सोय, बारा अर्ध्या सुरांपर्यंत वर-खाली होतं. बोटं पांढरी एकच्या घरात ठेवून गाणाऱ्याच्या काळी चारला किंवा पांढरी चारला जायला काहीच त्रास नाही. पण गावातली जुनी पेटी सहसा बरोबर ४४० हर्ट्झवर नसते. तिला सुरात आणायचं तर कारागीर लागतो, की-बोर्डला मात्र ट्यूनिंगमध्ये साधारण ४२७ ते ४५३ हर्ट्झपर्यंत हलवता येतं. पेटीचा ध धरा, की-बोर्डचा ध धरा, दोन्हींतली लाट थांबेपर्यंत आकडा सरकवा. हे न करता तालीम केली की ए मायनर चुकीचा वाटतो, कॉर्ड बदलले जातात, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

मंडपात नेताना. आतले स्पीकर अडीच-अडीच वॅटचे, खोलीपुरते. बाहेर द्यायचं तर फोन्स-आउटपुट हे एकच भोक आहे, आणि ते स्टिरिओ आहे. साउंडवाल्याकडची गिटारची मोनो पिन तिथे घालू नका, स्टिरिओ पिनेची तार सोबत ठेवा. पिन घातली की आतले स्पीकर बंद होतात, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यायला समोर मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, हवा. तो नसेल तर कॉर्ड अंदाजानं बदलले जातात. अर्धा तास हात लावला नाही तर यंत्र आपोआप बंद होतं. सत्काराची भाषणं लांबली की नेमकं हेच घडतं. सर्वांत खालची पट्टी दाबून धरून चालू केलं की ही सोय बंद होते. परत चालू केल्यावर ट्रान्सपोज आणि ट्यूनिंग दोन्ही आकडे बघूनच पहिला कॉर्ड लावा. पावसात वीज जाणारच, तर सहा एए सेल जवळ असू द्यात.

वापरलेला घेत असाल, आणि कोकणात बहुतेक मंडळं वापरलेलाच घेतात, तर खारी हवा लक्षात ठेवा. सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा हिरव्या पडल्या आहेत का ते आधी उघडून बघा. मग खालच्या दीड सप्तकातली एकेक पट्टी हलक्या आणि जोराच्या हातानं दाबा. साथीचे कॉर्ड तिथेच वाजत असल्यानं झीज तिथे जास्त. एखादी पट्टी हलक्या हाताला गप्प आणि मधेच एकदम किंचाळत असेल तर आतले रबराचे संपर्क मळलेत. दुरुस्ती होते, पण बहुतेक वेळा कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते, आणि श्रावणात द्याल तर गणपतीला परत येईल याची खात्री नाही. एसीएमपी लावून ए मायनर, डी मायनर, जी सस फोर हे तीन कॉर्ड पाच मिनिटं फिरवा. तेवढ्यात मायनरच्या जागी मेजर वाजला, तर काळी चार किंवा काळी एक मेलेली आहे. आवाज ऐकून भाव करू नका, त्या दोन पट्ट्या बघून करा.